बागेला कुंपण: जाळी की लाकडी फळ्या?

प्रश्न: परसबागेच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजू उघड्या आहेत, मिळून १८ मीटर. कुत्री आत नकोत, पण वाफ्यांवरचं ऊनही अडायला नको. काय लावावं?

उत्तर १: ऊन हवं तर जाळीच. ५० मिमी चौकटीची, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली). खांब तीन-तीन मीटरवर, म्हणजे साधारण ७. दीड मीटर उंचीला सव्वादोन मीटरचा खांब घ्या, पाऊण मीटर जमिनीत. खरी मेख कोपऱ्यात आहे: जाळी ताणली की तो खांब आत झुकतो. त्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्या आणि खांबांच्या बुडाशी भरलेल्या काँक्रीटला आठवडाभर पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू नका.

उत्तर २: कुत्री उकरून खालून येतात हो! जाळी १.८ मीटर रुंदीची घ्या, खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून मातीत दाबा.

उत्तर ३: लाकडी खांब जमिनीलगतच कुजतो, लोखंडी तिथंच गंजतो. काँक्रीटचा माथा उतरता ठेवा, पाणी साचणार नाही.

प्रश्नकर्ता: जाळीवर वेल चढवला तर?

उत्तर १: हंगामी चालेल. बारमाही वेल दाट झाला की शिडासारखा वारा धरतो, मग मधले खांबही कलतात.