पहिला ट्रॅक डे: गाडीची आणि स्वतःची तयारी कशी केलीत? (अनुभव लिहा)

पुढच्या महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर माझा पहिला ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) आहे. बाईक ३९०, आत्तापर्यंतची मजल ताम्हिणी आणि लवासा. मी नवा सायलेन्सर घ्यायला निघालेलो, मित्र म्हणाला थांब, आधी जाऊन आलेल्यांना विचार. तर लिहा मंडळी. पैसे कुठे वाया गेले तेही लिहा, लाजू नका.

कोथरूडकर
सायलेन्सर राहू दे रे बाबा. मी तोच बसवला होता आणि ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांचं जुनं. ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि मग कमी तापमानालाच उकळतं, हे कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये कधी कळणार, पण तो ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, सरळ पट्टा संपला की दर लॅपला कचकचून ब्रेक, तिसऱ्या सेशनला लिव्हर दाबला तर थेट हँडलला टेकला. सरळ मातीत गेलो. पडलो नाही हे नशीब. डॉट ४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली काहीशे रुपयांना मिळते, ब्रेक पॅडही तेव्हाच बघून घे.

चाकणवाली
आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड सगळं उतरवायचं. हेडलाइट-इंडिकेटरला टेप, म्हणजे गाडी पडलीच तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरा, कारण कूलंट सांडलं की लवकर सुकत नाही आणि मागून येणारा त्याच्यावरून घसरतो. आल्यावर आठवणीने परत कूलंट भरा. माझी ती सोललेली गाडी बघून बाबा म्हणाले, कुणी चोरली होती का गं?

पिंपरीचा पप्या
इन्शुरन्सचा कागद वाचा. रेसिंग, स्पीड टेस्टिंग कव्हर नसतं.

सहकारनगर
गाडीचं सगळे सांगतात, माझं तर शरीरच बसलं. दुसऱ्या सेशनला हातात असे गोळे आले की क्लच ओढवेना. इन्स्ट्रक्टर म्हणाला तू हँडलला लोंबकळतोयस, टाकी गुडघ्यांनी आवळून धर, हात मोकळे सोड. त्याला मांड्यांत दम लागतो आणि आमच्या मांड्या ऑफिसच्या खुर्चीतल्या. पुढच्या वेळी दोन महिने आधीपासून रोज बैठका आणि दर रविवारी सिंहगड, पायथ्यापासून चालत, गाडीने नाही (भजी खाल्ली, खोटं कशाला बोलू). खूप फरक पडला. आणि लेदर सूट भाड्याने घेतलात तर आदल्या दिवशीच घालून गाडीवर बसून बघा, उभं राहून बरोबर वाटणारा सूट वाकल्यावर गळा धरतो. मी पार्किंगमध्ये बसून बघितलं, वॉचमनने विचारलं शूटिंग आहे का साहेब. तिथे उकाडा भयंकर, तहान लागायची वाट न बघता ओआरएस पीत राहायचं.

धनकवडी एक्स्प्रेस
गाडी चालवत नेऊ नका. मी नेली, बाराशे किलोमीटर, पोचलो तेव्हा टायर मधोमध चपटा आणि मीही. आता मित्रांबरोबर टेम्पो करतो. रेल्वे पार्सलने पाठवलीत तर टाकी पूर्ण रिकामी लागते.

बाणेरचा बंड्या
झेंडे पाठ करून जा. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे हात वर करून हळूहळू पिटमध्ये. आणि माज घरी ठेवा. माझी ६५०, सरळ पट्ट्यावर मीच राजा, पण वळणात एक दीडशे सीसीवाले काका बाहेरून शांतपणे निघून गेले. चहाला भेटले तेव्हा म्हणाले, तू पुढच्या चाकाकडे बघतोस, वळण जिथे संपतं तिथे बघ. त्या एका वाक्याने दुपारी जेवढा सुधारलो तेवढा कुठल्या पार्टने सुधारलो नसतो.

धागाकर्ता
सायलेन्सर कॅन्सल. शनिवारी ब्रेक ऑइल आणि पॅड आणायला नाना पेठेत जातोय, कुणी येणार का? बैठका कालपासून सुरू केल्यात, आज जिना कठडा धरून उतरलो.