पगारातून पोटगी कापली तर चुकलं काय?

सदरवाली
काल इथं एका भाऊंनी पोस्ट टाकली. मित्राच्या कंपनीत कोर्टाची ऑर्डर आली, दर महिन्याला पगार कापून थेट बायको-लेकराच्या खात्यात, हिंगणा एमआयडीसीत सगळ्यांसमोर इज्जत गेली, बिचाऱ्यानं नोकरीच सोडली. शेवटी "पुरुष म्हणजे एटीएम". खाली टाळ्यांचा पाऊस. रात्री वाचलं तेव्हापासून डोकं काही शांत होईना म्हणून लिहितेय, लांब होईल.

कोर्ट काही पहिल्याच दिवशी उठून पगाराला हात लावत नाही हो. आधी ऑर्डर होते, हा भरत नाही, मग ती वसुलीचा अर्ज टाकते, नोटीस निघते, साहेब घरी सापडत नाहीत, सापडले की वकील मुदत मागतो, साहेबांची बदली म्हणून पुन्हा तारीख, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठं एचआरच्या टेबलावर कागद येतो. तोवर लेकराच्या शाळेतून फीसाठी फोन येत होते तेव्हा इज्जत कुठं होती?

आणि हे सगळं नागपूरकरांना मी सांगावं? रजनेश विरुद्ध नेहा ही केस आपल्याच कौटुंबिक न्यायालयातली. इथं 2015 मध्ये बायकोला महिना 15 हजार आणि लेकराला आधी 5, मग 10 हजार ठरले, नागपूर खंडपीठानं 2018 ला ते कायम केलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल आला: दोघांनीही कमाई-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, थकली तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या पक्क्या निकालासारखी, वसूल करायची. अख्ख्या देशातली कोर्टं त्यावर चालतात.

माझ्या ताईचं सांगते. भाऊजी चांगल्या पक्क्या नोकरीत. कोर्टात पगारपत्रक दिलं, डावीकडे मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं असं भरगच्च, आणि उजवीकडे कपातीची रांग, पतसंस्था कर्ज, दुसरं पतसंस्था कर्ज, पीएफ मुद्दाम वाढवलेला, सणासाठी घेतलेली उचल. खाली "हाती येणारी रक्कम" 9,400. आणि वकील म्हणतो, साहेब याच्याकडे उरतेच काय! त्याच महिन्यात घरासमोर नवी गाडी उभी होती.

बुटीबोरीवाला
ताई तुम्ही एकाच बाजूनं काहून बोलून राहिल्या? मी सुपरवायझर आहो, माझ्या लाइनवर घडलं ते सांगतो. पोट्टा ठेकेदाराकडं, पगार 14 हजार. कोर्टाचा कागद आला तर मालक काय करते माहीत आहे का? ठेकेदाराले फोन लावते, उद्यापासून याले पाठवू नको, आपल्याले कोर्टाचं लफडं नको. संपलं. नोकरी बी गेली अन् पोटगी बी गेली. सांगा जी, लेकराचा फायदा कोठी झाला? अन् वरून कोर्ट अख्खा पगार नेते.

वकिलांकडचा कारकून
अख्खा नाही नेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचा. पोटगीच्या वसुलीत पगाराच्या एक तृतीयांशाला हात लावता येत नाही. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पहिले 1000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे कर्ज देणाऱ्यांपेक्षा लेकरासाठी कायदा जास्त कापू देतो. पगार जप्त करायची रीत त्याच संहितेत आहे, सरकारी नोकराला आदेश 21 नियम 48, खाजगीला 48-अ. आणि तुमच्या त्या मालकाला सांगा, नोटीस हाती पडल्यावर पूर्ण पगार देऊन टाकला तर तेवढी रक्कम त्याच्याच अंगावर येते. घरगुती हिंसाचाराची केस असेल तर त्या कायद्याच्या कलम 20 पोटकलम 6 खाली मॅजिस्ट्रेट थेट मालकालाच भरायला सांगू शकतो.

मिहान नाइटशिफ्ट
कलमं छान पाठ आहेत. मी दर महिन्याला भरतो, न चुकता, बँक स्टेटमेंट दाखवतो पाहिजे तर. पण पोरीला भेटायची ऑर्डर आहे ना माझ्याकडे, तिचं काय? शनिवारी कोर्टात खेळणी ठेवलेल्या खोलीत जाऊन बसायचं, समोरचे येतच नाहीत, मेसेज येतो की पोरीला ताप आहे. दर वेळी ताप. त्याची जप्ती कोण आणणार?

सदरवाली
भाऊ, वाईट वाटलं, खरंच. त्यासाठी वेगळा अर्ज टाका, टाकायलाच पाहिजे. पण भेट नाही म्हणून पैसे नाही, आणि पैसे नाही म्हणून भेट नाही, यात मधल्या मधी पोरगीच उपाशी.

मिहान नाइटशिफ्ट
मी पैसे थांबवले असं कुठं म्हटलं? नीट वाचत जा.

पतसंस्था पीडित
ते 9,400 वाचून माझं रक्तच खवळलं. दोन-दोन पतसंस्थांचं कर्ज! जामीनदार कोण होतं त्याचं विचारा. मी राहिलो होतो आमच्या ऑफिसातल्या एकासाठी, म्हणे पोरीचं लग्न आहे, एक सही दे. त्यानं हप्ते थांबवले आणि पुढच्याच पगारात माझी कपात. ना तारीख, ना वकील, ना कोणी "तुमचं काय म्हणणं" विचारलं. बायकोला काय सांगू, की साहेबांच्या पोरीच्या मांडवाचे पैसे मी भरतोय?

नंदनवन काका
सही करतेवेळी हात कोणी धरला होता? जामीन राहणं म्हणजे आपणच कर्ज घेणं, हे आमच्या पिढीला बिना शिकता समजत होतं.

पतसंस्था पीडित
काका, तुमच्या पिढीनंच शिकवलं की ऑफिसात कोणाला नाही म्हणू नये.

नंदनवन काका
माझ्यावर येऊ नका. मी 31 वर्षं नोकरी केली, एकाचाही जामीन नाही राहिलो, लोकं बोलत नव्हते माझ्याशी, चाललं.

बुटीबोरीवाला
काका म्हणूनच तुमच्याशी अजून बी कोणी बोलत नाही 😂

सदरवाली
थांबा, थांबा, भांडू नका, पीडित भाऊंनीच माझा मुद्दा सांगितला. सहकारी संस्था कायदा 1960 चं कलम 49 आहे, सभासदानं करार करून दिला असेल तर मालक पगारातून संस्थेचा हप्ता कापून देतो. तुमचा हप्ता कापला तेव्हा अकाउंट्सवाल्याची इज्जत गेली नाही, ठेकेदाराला फोन गेला नाही, कोणी राजीनामा दिला नाही. पतसंस्थेचं चालते आणि स्वतःच्या लेकराचं आलं की एटीएम?

न्यू जर्सीतला धरमपेठी
इथं अमेरिकेत तर थकायची वाटही पाहत नाहीत. 1988 च्या कायद्यानं सुरुवात झाली आणि 1994 पासून बहुतेक नव्या ऑर्डरींना पहिल्या महिन्यापासूनच कपात, कंपनीला कागद जातो, टॅक्ससारखं कटतं. माझ्या टीममध्ये कोणाचं कटतं कोणाचं नाही कोणाला माहीतही नाही. मर्यादा आहे, हातात येणाऱ्या कमाईच्या 50 ते 65 टक्के, दुसरं कुटुंब आहे का आणि किती थकलं त्यावर. पण रोखीत कमावणारे इथंही निसटतात, ते कबूल.

बुटीबोरीवाला
तू तिथं बसून बर्फ झाड न बे. इथं अर्ध्या बुटीबोरीले पगारपत्रक कशाले म्हणते तेच माहीत नाही.

वकिलांकडचा कारकून
रोखीवाल्यांसाठी दुसरा रस्ता आहे. पोटगीचं कलम, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं 144. वॉरंट निघतं, तरी भरलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत जेल. आणि जेल भोगली म्हणून देणं फिटत नाही, सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच सांगितलंय. फक्त रक्कम देय झाली त्या तारखेपासून एका वर्षात अर्ज टाकावा लागतो. बाया "देईल, देईल" म्हणत थांबतात आणि तिथंच मार खातात.

नंदनवन काका
24 महिन्यांनी पगारावरची जप्ती आपोआप उठते असं ऐकलं होतं.

वकिलांकडचा कारकून
साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात. पोटगीला ती सूट नाही.

सदरवाली
ऐका, ऐका. भाऊजींच्या ऑफिसातही हेच पसरवलंय कोणीतरी.

बुटीबोरीवाला
बरं बाप्पा, पक्की नोकरी, मोठा पगार अन् वरून लपवालपवी, त्याचं कापा, माझं काही म्हणणं नाही, तुमच्या भाऊजीचं तर दोनदा कापा. पण माझ्या लाइनवरचा पोट्टा आता कॉटन मार्केटात हमाली करून राहिला. दिवसाचे किती भेटते ते त्याले बी माहीत नसते. त्याच्या लेकरापर्यंत तुमचं कलम 60 कसं पोहोचवता ते सांगा, मग मी टाळ्या वाजवतो.

सदरवाली
त्याला काढणाऱ्या मालकाला आधी विचारा, मग मला.

बुटीबोरीवाला
मालकाले विचारलं तर मी बी हमालीवर येतो ताई.

पतसंस्था पीडित
कारकून साहेब, जामीनदाराच्या कपातीला ते एक तृतीयांश वगैरे काही लागू होते का हो?

वकिलांकडचा कारकून
वेगळा धागा काढा. आणि येताना करारनाम्याचा फोटो टाका, सही कुठं-कुठं केली ते दिसलं पाहिजे.