मुलीला पाच वर्षांच्या लॉला घालायचंय: मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय कसं? सल्ला हवा

दस्तलेखक_चाळीसगाव

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावला तहसील कचेरीबाहेर बावीस वर्षं दस्तलेखनाचं काम करतो. खरेदीखत, हक्कसोडपत्र, प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचे अर्ज, हेच रोजचं. मुलगी यंदा बारावी कला शाखेतून पास झाली. लॉ सीईटीत पर्सेंटाइल चांगले आलेत. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे.

ती शाळा सुटली की माझ्या टेबलाशी येऊन बसायची. नववीत असताना एका खरेदीखताचा कच्चा मसुदा वाचून म्हणाली, "पप्पा, तुम्ही पूर्वेला नाला लिहिलाय, पण जुन्या खरेदीखतात नाला पश्चिमेला आहे." चतुःसीमा उलटी पडली होती. मी, घेणारा, देणारा, तिघांनीही वाचलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ठरवलंय, हिला वकील करायचं.

तिला मुंबईचं चर्चगेटचं सरकारी लॉ कॉलेज हवंय. नातेवाईक म्हणतात, पोरीला एवढ्या लांब कशाला, जळगावला टाका. कुणी पुण्याचं आयएलएस सुचवतं. माझे प्रश्न असे:

या कॉलेजचा इतिहास मोठा आहे असं ऐकतो, तो आज मुलांच्या उपयोगाचा आहे का? नेमके कोणते कोर्स आहेत? आत्ता पाच वर्षांचा घ्यावा, की इथेच बीए करून मग तीन वर्षांचा? राहण्याचं काय? आणि ती सेमी-इंग्रजीतली आहे, तिथे निभावेल का?

---

ओव्हल_पलीकडे

दादा, मी याच कॉलेजचा. वीस वर्षं हायकोर्टात आहे. तुमच्या मुलीची चतुःसीमेची गोष्ट वाचली आणि कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो. दिवाणी वकिलाचं अर्धं काम तेच असतं: दोन कागद शेजारी ठेवायचे आणि कुठे जुळत नाही ते हेरायचं. तिला ते आधीच येतं.

इतिहासाचं आधी सांगतो, कारण तो उपयोगाचा आहेच. कॉलेज १८५५ चं, आशियातलं सगळ्यात जुनं लॉ कॉलेज. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, मुंबई हायकोर्ट १८६२ चं. म्हणजे पदवी देणारं विद्यापीठ नव्हतं, आजचं हायकोर्ट नव्हतं, तेव्हा इथे कायद्याचे वर्ग भरत होते. सर अर्स्किन पेरी हे तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ते निवृत्त होऊन निघाले तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या नावाने वर्गणी जमवली आणि त्या पैशातून न्यायशास्त्राचं अध्यासन उभं राहिलं. वर्ग सुरुवातीला एल्फिन्स्टनमध्ये भरायचे. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं हे शिक्षण आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच पेरी अध्यासनावर पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२८ मध्ये ते इथे शिकवायला आले आणि जून १९३५ मध्ये प्राचार्य झाले. तारखा नीट बघा. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्यानंतर आठवडाभराच्या आत बाबासाहेबांनी या कॉलेजची सूत्रं हाती घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते प्राचार्य होते. १९३६ मध्ये कॉलेजच्याच मासिकात त्यांनी मुंबई इलाख्यातलं कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर सविस्तर लेख लिहिला. तो त्यांच्या समग्र लेखनात मिळतो. मुलीला प्रवेशाआधी वाचायला द्या.

एम. सी. छागलाही त्याच काळात इथे शिकवत होते. तेच पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी हे इथले विद्यार्थी. दिवसा कोर्टात उभे राहणारे लोक सकाळी किंवा संध्याकाळी येऊन शिकवतात, ही इथली जुनी रीत. त्यामुळे कॉलेज आणि कोर्ट यांच्यात भिंत कधी उभीच राहिली नाही.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट. माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून एमए झाल्या, मग याच कॉलेजात कायदा शिकल्या आणि परत येऊन जळगावच्या कोर्टात वकिली केली. नातेवाईकांना एवढं सांगा.

कोर्सेस: पाच वर्षांचा बीएलएस-एलएलबी आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी, हे दोन मुख्य. शिवाय पदवीधरांसाठी पदविका आहेत, त्या आत्ता तुमच्या कामाच्या नाहीत. पाच वर्षांच्या कोर्समध्ये पहिली दोन वर्षं इंग्रजी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तर्कशास्त्र असे विषय. तिसऱ्या वर्षापासून निव्वळ कायदा. तीन वर्षं झाली की बीएलएस ही पदवी हातात पडते, पाच पूर्ण झाली की एलएलबी. मध्येच काही अडचण आली तरी मुलगी रिकाम्या हाताने परतत नाही.

बीए करून तीन वर्षांचा घेतला तर सहा वर्षं लागतात. मुलीचं पक्कं ठरलेलं आहे, मग ते एक वर्ष का घालवायचं?

---

वेताळ_टेकडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण पुण्याची बाजू मांडतो. आयएलएस १९२४ चं. ज. र. घारपुरे पहिले प्राचार्य. न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश इथले. मागे टेकडी, आवारात वसतिगृह, मोठं ग्रंथालय. सकाळी उठून वर्गात चालत जायचं, लोकलचा धक्का नाही. लहान गावातून आलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं असं वातावरण मानवतं. माझ्या पुतणीला मानवलं. इथे पाच वर्षांचा कोर्स बीए-एलएलबी आहे, पुणे विद्यापीठाचा.

आयएलएस खासगी अनुदानित संस्था आहे, सरकारी नाही. फीचा तक्ता दोन्हीकडचा समोर ठेवून बघा.

---

निवृत्त_दिवाणी

न्यायखात्यात होतो. आईवडील बहुधा विचारतात, "मुलगी जज्ज होईल ना?" तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तात्पुरती सनद (बार कौन्सिलची वकिलीची नोंदणी) मिळाल्यापासून ती वर्षं मोजली जातात. पाच अधिक तीन असा हिशेब धरा.

सनदेच्या खर्चाची भीती बाळगू नका. बार कौन्सिलं पूर्वी हजारो रुपये घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

आणि हजेरी. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के लागते. माझ्या भाच्याला एका कॉलेजात प्रवेशावेळी "हजेरीचं आम्ही बघू" असं सांगितलं गेलं आणि शेवटच्या सत्रात त्याचा परीक्षेचा अर्ज अडला. वर्ष गेलं. कुणीही असं म्हटलं तरी मुलीने वर्गात बसावं.

---

संत्रानगरी

नागपूरहून. पसंतीक्रमात एकच नाव टाकून थांबू नका. आमच्याकडे विद्यापीठाचं स्वतःचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. न्या. हिदायतुल्ला सरन्यायाधीश होण्याच्या खूप आधी नागपूर विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवत होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं दार वेगळं. तिथे क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते, ती इंग्रजीतूनच असते आणि वर्षाची फी लाखांत जाते. तुमच्या मुलीने क्लॅट दिली नसेल तर तो विषय यंदा संपला, त्यावर हळहळू नका.

---

दस्तलेखक_चाळीसगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिभाताईंचं मला माहीत नव्हतं. घरी वाचून दाखवलं, आजी एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "जाऊ दे तिला."

क्लॅट दिलेली नाही. आता राहिले दोन प्रश्न, इंग्रजी आणि राहणं. सध्या तिथे शिकणारं कुणी आहे का?

---

तिसरं_वर्ष_चर्चगेट

काका, मी आहे. मी लातूर जिल्ह्यातली, दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम.

इंग्रजीचं खरं सांगते. पहिले तीन महिने जड गेले. वर्गात इंग्रजीतून शिकवतात आणि आजूबाजूची बरीच मुलं मुंबईच्या इंग्रजी शाळांतली असतात. मी एक वही केली. डाव्या पानावर कलम इंग्रजीत जसंच्या तसं उतरवायचं, उजव्या पानावर तेच मराठीत माझ्या शब्दांत. शासनाचे मराठी अनुवाद मिळतात, पण आधी स्वतः करायचं, मग अनुवादाशी ताडून बघायचं. भारतीय संविधानाचा भाग तीन मी असा पूर्ण केला. अनुच्छेद २१ एका ओळीचा आहे, त्यावर माझं उजवं पान चार वेळा खोडलेलं आहे. त्या खाडाखोडीतून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या गाईडमधून कळलं नसतं.

आणि मराठी ही आपली अडचण नाही, काका. हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे, पण राज्यातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. आमच्या विधी सहाय्य समितीत लोक आपले कागद घेऊन येतात. सातबारा, फेरफार, जुनं साठेखत. वर्गातल्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणी ते कागद माझ्याकडे सरकवतात, कारण "पोटखराबा" म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, हे त्यांना माहीत नसतं. तुमची मुलगी तर हे कागद बघतच मोठी झाली आहे.

व्याख्यानं सकाळी असतात, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. त्या दुपारचं काय करायचं यावर सगळं ठरतं. ओव्हल मैदान ओलांडलं की हायकोर्ट, चालत पंधरा-वीस मिनिटं. शेजारी जुन्या सचिवालयाच्या इमारतीत शहर दिवाणी आणि सत्र न्यायालय. धोबी तलावाला लघुवाद न्यायालय, तिथे भाडेकरू आणि मालकांचे दावे चालतात. मी पहिल्या वर्षी मंगळवारी आणि शुक्रवारी नुसती मागच्या बाकावर बसून ऐकायचे. एका ज्येष्ठ वकीलबाईंनी उलटतपासणीत साक्षीदाराला फक्त सहा प्रश्न विचारले आणि सातवा न विचारता खाली बसल्या. सातवा का विचारला नाही, हे मला दोन दिवसांनी समजलं. त्याचं उत्तर त्यांच्या विरोधात गेलं असतं.

याशिवाय अभिरूप न्यायालयाचं (मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला) मंडळ आहे. डी. एम. हरीश यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमचं कॉलेज भरवतं. आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी विद्यार्थ्यांचा वेगळा गट आहे, लॉ रिव्ह्यू हे कायद्याचं नियतकालिक आहे. ही कामं मुलंच चालवतात. पहिल्याच वर्षी एका समितीत नाव द्यायला सांगा, मागे राहू नको म्हणावं.

राहण्याचं: चर्चगेटलाच तेलंगांच्या नावाचं मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. जागा थोड्या, अर्ज लवकर करावा लागतो. नाही मिळालं तर पहिलं सत्र उपनगरात नातेवाईक किंवा पेइंग गेस्ट. फी काही हजारांतच आहे. तुम्ही ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर मुलींच्या फी माफीचा २०२४ चा शासन निर्णयही बघा. खरा खर्च राहण्या-खाण्याचा, तो धरून चाला.

---

ओव्हल_पलीकडे

तिसरं_वर्ष, सहा प्रश्नांची गोष्ट वाचून फार बरं वाटलं.

दादा, एक गोष्ट जोडतो. हायकोर्टाचं नवं संकुल वांद्रे पूर्वेला होणार आहे. चालत कोर्ट गाठायची ही सोय पुढे अशीच राहील असं नाही. तुमच्या मुलीच्या पाच वर्षांत तिने या जुन्या इमारतीत जितकं बसता येईल तितकं बसून घ्यावं. पसंतीक्रम माझ्या मते: पहिलं चर्चगेट, दुसरं आयएलएस, तिसरं जळगाव. घराजवळ राहिली तर तीही शिकेल, पण तिने जे मागितलंय ते आधी लिहा.

---

दस्तलेखक_चाळीसगाव

तोच क्रम आत्ता भरला. अर्ज तिनेच भरला, मी फक्त शेजारी बसलो. सबमिट करण्याआधी तिने सगळी माहिती दोनदा तपासली, माझ्या नावातला एक काना राहिला होता तो तिनेच पकडला.

नंबर लागला तर कागदपत्रांसाठी रात्रीच्या गाडीने येऊ, सकाळी सीएसएमटीला उतरू. तिथून कॉलेजला कसं यायचं? आणि मूळ कागद कोणते लागतात?

---

तिसरं_वर्ष_चर्चगेट

काका, सीएसएमटीहून चर्चगेटला टॅक्सी किंवा बस घ्या, सामान नसेल तर चालतही जमतं. चर्चगेट स्टेशनवरून ए रोड कुणालाही विचारा, जय हिंद कॉलेज त्याच रस्त्यावर आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सीईटीचं गुणपत्रक, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर आजच चौकशी करा, बहुतेकांचं अडतं ते तिथेच. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, दोन पुरत नाहीत.

यायच्या आदल्या दिवशी मला इथे संदेश टाका. मी गेटवर येते. आणि तिला तिची वही आणायला सांगा, माझी डावं-उजवं पानवाली दाखवते.

---

दस्तलेखक_चाळीसगाव

वैधता आहे, मागच्या वर्षीच काढून ठेवली. वही ती आजच आणायला गेली आहे, दोनशे पानी.