मदत हवी आहे: एनबीएमधला 'पिक स्वॅप' पुढे देता येतो का?

(पिक म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायची पाळी; स्वॅप म्हणजे दोन संघांच्या पिकपैकी वरचा आपण घेऊन मागचा समोरच्याला देण्याचा हक्क.) २०१९ चा पॉल जॉर्जचा सौदा समजून घेतोय, ज्यात तो ओक्लाहोमा सिटीकडून क्लिपर्सकडे गेला. क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, स्वतःचे २०२२, २०२४, २०२६ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०२३, २०२५ साठी अदलाबदलीचा हक्क दिला. शिवाय मायामीचे दोन पिक. त्यातला २०२३ चा क्लिपर्सना जिमी बटलरच्या साइन-अँड-ट्रेडमध्ये (जुन्या संघाने करार करून लगेच दुसऱ्या संघाला देणं) मिळालेला. म्हणजे फ्री एजंट (करार संपलेला) बटलर गेला मायामीला आणि पिक पोचला ओक्लाहोमाला!

एक वर्षाआड का, ते कळलं. स्टेपियन नियमाप्रमाणे येत्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या पिकशिवाय राहता येत नाही. स्वॅपमध्ये एक पिक हाती उरतोच, त्यामुळे मधली वर्षंही वापरता आली. डोकेबाज काम.

ऑनलाइन ट्रेड मशीनमध्ये करून पाहिलं, पण तिथे पगार जुळतात का एवढंच दिसतं. पगार, कॅप, एप्रन (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादा) हा भाग मला येतो, तो नको.

समजा स्टेपियनची अडचण नाही. मग स्वॅप आधीच दिलेल्या वर्षाचा, 'दोन्हींतला मागचा' ठरेल तो पिक संघ तिसऱ्याला देऊ शकतो का? आणि स्वॅपचा हक्क ज्याच्याकडे आहे, तो संघ हा हक्कच दुसऱ्या सौद्यात पुढे सरकवू शकतो का? झालेल्या सौद्याचं उदाहरण कोणी देईल का?