न्यूरोफीडबॅक प्रशिक्षण घ्यावं का? भावाच्या एकाग्रतेसाठी मदत हवी आहे (सोलापूर)

रेवती_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारते आहे. त्याला सांगूनच लिहितेय, तोही हा धागा वाचणार आहे.

भाऊ २३ वर्षांचा. बी.एस्सी. झालं, आता राज्यसेवेची तयारी करतोय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तीन-तीन तास बसून लिहायचा सराव लागतो आणि त्याचं घोडं तिथेच अडतं. पाऊण तास झाला की मन उडतं, तेच पान परत परत वाचतो, लिहिता लिहिता मुद्दा अर्ध्यात सुटतो. दुपारी अभ्यासिकेत डोकं जड होतं म्हणतो. हुशारी कमी नाही. शाळेत पहिल्या तिघांत असायचा. म्हणून त्याला स्वतःचाच राग येतो, आणि तो राग आम्हाला बघवत नाही.

अभ्यासिकेतल्या एका मित्राने त्याला शहरातल्या एका केंद्राची जाहिरात दाखवली. 'ब्रेन मॅपिंग' मोफत होतं, म्हणून दोघं गेले. डोक्यावर टोपी, केसांत जेल, थोडा वेळ डोळे उघडे, थोडा वेळ मिटलेले. मग संगणकावर मेंदूचा रंगीत नकाशा आला, पुढच्या भागात लाल पट्टा. सांगितलं की थीटा लहरी जास्त आहेत, बीटा कमी आहेत, म्हणून लक्ष टिकत नाही. उपाय म्हणून न्यूरोफीडबॅकची ४० सेशन, आठवड्याला तीन. फी ४८ हजार. एकरकमी भरले तर सूट, पण ती शनिवारपर्यंतच.

मला समजलं ते असं: सेन्सर लावून समोर खेळ किंवा व्हिडिओ चालू ठेवतात. हव्या त्या लहरी वाढल्या की चित्र स्वच्छ होतं, नको त्या वाढल्या की अंधुक होतं. आरशात बघून भांग पाडावा तसं मेंदूने स्वतःला बघत बघत सावरायचं. कल्पना मला पटते, म्हणून तर गोंधळ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या पोरांना 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या क्लासला घातलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायची पोरं, आणि नाकाजवळच्या फटीतून बघायची. आईबापांचे पैसे गेले. हे तसलं नाही एवढं मला कळतं. ईईजी, म्हणजे डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी टिपणं, ही खरी तपासणी आहे, हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या, पुढे ती दवाखान्यांत वापरात आली. पण तपासणी खरी असली म्हणून तिच्यावर बेतलेला उपायही खरा, असं होतं का?

बाबा टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत. पैसे उभे करायचे तर आईची भिशी उचलावी लागेल. ती एका पायावर तयार आहे. तिला 'नको' म्हणायचं असेल तर माझ्याकडे कारण हवं, आणि 'घे' म्हणायचं असेल तरी हवंच. कोणी हे प्रशिक्षण घेतलंय का? कसलाही आजार नसलेल्या, फक्त अभ्यास करणाऱ्या मुलाला याचा उपयोग होतो का? केंद्रात जाऊन नेमकं काय विचारू?

जुळेसोलापूरकर

ताई, शनिवारची मुदत डोक्यातून काढून टाका. सोमवारीही ते पैसे घेतीलच. आधी दोन गोष्टी सांगा. लहानपणी, म्हणजे १२ वर्षांच्या आत, भावाचा असाच त्रास होता का? वस्तू हरवणं, वर्गात टिकून न बसणं, बाईंच्या तक्रारी वगैरे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा असा विकार) म्हणायला लक्षणं त्या वयापासून असावी लागतात. आणि झोप किती होते?

मीनल_प

माझा मुलगा नऊ वर्षांचा, एडीएचडीचं निदान झालेलं. पुण्यात असताना त्याचं न्यूरोफीडबॅक पूर्ण केलं. फरक पडला, खोटं कशाला सांगू. शाळेतून तक्रारी कमी झाल्या. पण त्याच काळात गोळी सुरू झाली होती, समुपदेशक बाई आम्हा दोघांना दर आठवड्याला भेटत होत्या, आणि जाता-येता रिक्षात तो आणि मी एकत्र असायचो, फोन न बघता. कशाने किती झालं ते मी सांगू शकत नाही. केंद्राने मात्र सगळं श्रेय सेशनना दिलं. सुरुवातीला सेशननंतर त्याचं डोकं दुखायचं आणि चिडचिड व्हायची, ते पुढे कमी झालं. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या आईला 'घ्याच' असंही म्हणणार नाही.

तरंग_तंत्रज्ञ

मी ईईजी विभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. सविस्तर लिहितो, कारण या विषयात एक तर सरसकट थोतांड म्हणतात किंवा सरसकट जादू.

पद्धतीला मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना दूध-सूप बक्षीस देऊन १२ ते १५ हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तितक्या आवर्तनांची) मेंदूची एक लय वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाचा प्रयोग झाला तेव्हा या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा आले. मांजराला कोणी आशा दाखवलेली नव्हती, म्हणून तो निकाल मला आजही महत्त्वाचा वाटतो. १९७० च्या दशकात जोएल लुबार यांनी हेच चंचल मुलांवर सुरू केलं. तुमच्या भावाला सांगितलेलं थीटा-बीटाचं गणित त्याच वाटेवरचं. थीटा म्हणजे ४ ते ८ हर्ट्झ, बीटा साधारण १३ ते ३०.

खरी कसोटी अशी: निम्म्यांना खरं प्रशिक्षण द्यायचं, निम्म्यांना हुबेहूब तसंच पण नकली, म्हणजे समोरचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालतच नाही. कोणाला काय मिळतंय हे मुलाला, आईबापांना, शिक्षकांना, कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेत एडीएचडी असलेल्या ७ ते १० वयाच्या १४२ मुलांवर अशी चाचणी झाली, ३८ सेशनची, निकाल २०२१ मध्ये छापून आला. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, जवळपास सारखीच. डिसेंबर २०२४ मध्ये 'जामा सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात ३८ चाचण्या एकत्र करून पाहिलेला अभ्यास आला, त्यातही कोणाला काय मिळालं हे माहीत नसलेल्यांनी केलेल्या मूल्यमापनात गट म्हणून लक्षात घ्यावा असा फायदा निघाला नाही. म्हणजे मीनलताईंच्या मुलाची सुधारणा खरी. ती लहरींमुळे झाली की नियमित वेळ, कोणाचं तरी लक्ष आणि आशा यांमुळे, हा प्रश्न उरतो.

निरोगी लोकांवरचे काही प्रयोग उत्साह वाढवणारे आहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधल्या विद्यार्थ्यांचं वादन सुधारल्याचं २००३ मध्ये छापून आलं, शिकाऊ नेत्रशल्यविशारदांवरही २००९ मध्ये असा प्रयोग झाला. पण माणसं थोडी, आणि वादन किंवा टाका घालणं म्हणजे तीन तासांचा निबंधाचा पेपर नव्हे.

केंद्रात जायचंच असेल तर रंगीत नकाशा बाजूला ठेवून मूळ लहरींची नोंद मागा. डोळ्यांची उघडझाप आणि जबड्याचे स्नायू त्यात कसे वेगळे काढले ते विचारा. दात घट्ट आवळले तरी बीटाच्या पट्ट्यात आकडा चढतो, मी रोज बघतो. बक्षिसाची पातळी कोण ठरवतं ते विचारा. सॉफ्टवेअर ती पातळी सतत खालीवर करत असेल तर खेळात गुण वाढले म्हणजे शिकलं असं होत नाही. रिपोर्टवर सही कोणाची, पूर्वी फिट आली होती का हे कोणी विचारलं का, आणि यंत्राबाहेर फरक कसा मोजणार, हेही. जुळेसोलापूरकरांनी झोपेचं विचारलंय त्याचं उत्तर द्या, मलाही हवंय.

रेवती_पूर्वभाग

लहानपणी काहीच त्रास नव्हता. उलट एकदा बसला की हलायचा नाही.

झोपेचं सांगते. आमच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे, रात्रपाळी चालते. आम्ही त्या खटखटाटात वाढलो, त्यामुळे आवाज आम्हाला जाणवतच नाही असं सगळे म्हणतो. पण गेल्या उन्हाळ्यापासून तो गच्चीवर झोपायला लागला आणि आवाज थेट कानावर. दोन-तीनच्या आधी डोळा लागत नाही. अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून सहाला उठतो. मग दिवसभर चहा. मॅपिंगला गेला तेव्हाही रात्रभर जागाच होता, सराव पेपर होता म्हणून.

तरंग_तंत्रज्ञ

ताई, हे फार महत्त्वाचं आहे. पेंग आली की थीटा वाढतो. ईईजी काढताना रुग्ण डुलकी घेऊ लागला की आम्हाला पडद्यावर तेच दिसतं. रात्रभर जागलेल्या मुलाचे डोळे मिटवून, खुर्चीत टेकवून नोंद घेतली तर थीटा जास्त दिसणारच. तो लाल पट्टा लक्ष न टिकण्याच्या दोषाचा असेलच असं नाही, साध्या अपुऱ्या झोपेचाही असू शकतो. झोपेबद्दलच काळजी असेल तर सांगतो, निद्रानाशासाठीही हे प्रशिक्षण नकली प्रशिक्षणासमोर ठेवून पाहिलं गेलं, २०१७ मध्ये निकाल आला, खरं प्रशिक्षण त्यात सरस ठरलं नाही.

जुळेसोलापूरकर

आता माझं मत: आधी मनोविकारतज्ज्ञ, मग बाकी सगळं. सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे, केसपेपरला किरकोळ खर्च येतो. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून घरचे बिचकतील, त्यांना नीट समजवा. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

रेवती_पूर्वभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ आणि मी दोघं केंद्रात जाऊन आलो. बोलायला माणसं चांगली होती. मूळ नोंद 'देता येत नाही' म्हणाले. बक्षिसाची पातळी सॉफ्टवेअर आपोआप बदलतं. रिपोर्टवर कोणत्याही डॉक्टरची सही नाही. झोपेबद्दल त्या दिवशी विचारलं नव्हतं हे त्यांनी मान्य केलं. पैसे भरले नाहीत. आईला मी तरंगदादांचा थीटाचा मुद्दा जशास तसा वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे पोराला आधी झोपू तर द्या.

सिव्हिललाही जाऊन आलो. डॉक्टर मॅडमनी लहानपणाचं, शाळेचं, मन उदास असतं का याचं नीट विचारलं. सध्या तरी एडीएचडीसारखं काही दिसत नाही म्हणाल्या. झोपेची रोजची नोंद ठेवायची, उठायची वेळ एकच ठेवायची, दुपारनंतर चहा बंद, आणि पुन्हा दाखवायला यायचं. भाऊ आजपासून जुळे सोलापुरात आत्याकडे झोपायला जाणार आहे, तिकडे माग नाहीत. लिहिण्याचा सराव सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी करायचं त्याने स्वतःच ठरवलंय. झोप नीट होऊनही लक्ष टिकलं नाही तर मॅडम पुढच्या तपासण्या बघतील. न्यूरोफीडबॅकला मी कायमचं नाही म्हटलेलं नाही, पण आता भिशी त्यासाठी उचलणार नाही.

आता एक छोटी मदत. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला सकाळी लवकर उघडणारी, शांत अभ्यासिका कोणाला माहीत आहे का? आत्याच्या घरून पायी जाता येईल अशी असली तर बरं. आणि वर्णनात्मक उत्तरं एकमेकांना तपासून देणारे कोणी सोलापुरात असतील तर तेही सांगा.

जुळेसोलापूरकर

माझा पुतण्या त्याच परीक्षेची तयारी करतोय, विजापूर रोडलाच बसतो. चौघं मिळून रविवारी पेपर लिहितात आणि एकमेकांचे तपासतात. पाचवा चालेल का विचारून तुम्हाला खाजगी निरोप पाठवतो.