चोर्ल्याच्या चढाला सियाझचं कुठलं इंजिन?

2016 ची जुनी मारुती सियाझ घ्यायची, 1.4 पेट्रोल की 1.3 डिझेल, आणि दर आठवड्याला चोर्ला घाटातून बेळगाव-पणजी, असा प्रश्न आहे ना? ताकद जवळपास सारखीच, 92 आणि 90 पीएस. खरा फरक टॉर्कचा, म्हणजे ओढायच्या जोराचा. पेट्रोलचा 130 एनएम, तोही 4000 आरपीएमला. डिझेलचा 200, 1750 लाच. त्यामुळं चार माणसं बसवून एसी लावला की चढाला पेट्रोल दुसऱ्या गिअरात ओरडत जाते, डिझेल तिसऱ्यात निवांत. मात्र वळणावर आरपीएम 1800 च्या खाली आला की डिझेलचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) झोपतो. तिथं गिअर उतरवायचाच, अर्धा क्लच दाबून ओढू नका.

बघायला जाताना मालकाला सांगा, गाडी आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनला टायमिंगच्या साखळीची (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या) खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली नाही तर गाडी सोडा. मग चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, भकाभका धूर आला तर पिस्टन रिंगा गेल्या. चौथ्यात चढाला जोर देऊन आरपीएम वाढला नि वेग तोच राहिला, तर क्लच प्लेट संपली.

गाडी एमएच-09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) नि कर्नाटकचा रोड टॅक्स धरूनच भाव करा. बेळगावातच टिळकवाडी-शहापूर एवढंच फिरणं असेल तर पेट्रोलच बरी.