'केंद्रकी छिद्र' की 'द्वार'?

शाहूपुरीकर: कॉलेजच्या विज्ञान अंकासाठी पेशीवरचा लेख मराठीत करतोय. केंद्रक आणि पेशीद्रव्य यांच्यामधल्या आवरणात जी वाट असते, तिला शाळेतल्या सवयीनं 'केंद्रकी छिद्र' लिहिलं. बाईंनी खोडून 'द्वार' केलं. म्हणे भोकातून कुणीही जातं, इथं तसं नाही. काय ठेवू?

तळ्याकाठची: बाईंचं बरोबर आहे. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचं, आठपदरी सममितीचं कडं आहे ते. मधली पोकळी प्रथिनांच्या सैल धाग्यांनी भरलेली. आयन, लहान रेणू विसरणानं आपसूक जातात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) पुढं वाहक लागतो.

जुनामास्तर: मग द्वारही नको, द्वाराला कवाड आलं. 'रंध्र' घ्या. त्वचारंध्र, पर्णरंध्र रुळलेत. छिद्रात 'छिद्' म्हणजे कापणं आहे. इथं कुणी काही कापलेलं नाही.

उसाचारस: मास्तर, पर्णरंध्र तर उघडतं-मिटतं! आणि १९५० साली कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचरांच्या अंडपेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिलं तेव्हा भोकंच दिसली. पडलं नाव. 'सूर्योदय' खोडता का?

शाहूपुरीकर: अजून एक. या वाहक प्रथिनांची नावं इम्पोर्टिन, एक्स्पोर्टिन असंच ठेवू? बाई 'आयातक', 'निर्यातक' म्हणतात.

तळ्याकाठची: असंच ठेव. शब्दापेक्षा यंत्रणा नीट लिही. इम्पोर्टिन मालावरची खूण ओळखून त्याला आत नेतं. आत जीटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू धरलेलं रॅन नावाचं प्रथिन त्याला चिकटलं की माल सुटतो, आणि इम्पोर्टिन रॅनसकट बाहेर परततं. एक्स्पोर्टिनचं उलट. रॅन-जीटीपी सोबत असेल तरच ते माल घट्ट धरतं, बाहेर जीटीपी तुटून त्याचं जीडीपी झालं की सोडतं. म्हणजे ऊर्जा माल ढकलायला नाही, दिशा राखायला खर्च होते. हे आलं तर नाव काहीही चालेल.

जुनामास्तर: 'काहीही चालेल' यानंच मराठीची ही गत झाली. आयातक म्हटल्यावर जीभ झडते का?

उसाचारस: झडत नाही, पण बहुतेक संदेशवाहक आरएनए रॅनच्या भरवशावर बाहेर पडतच नाही, त्याचा वाहक निराळा. मग 'निर्यातक' नक्की कोण?

पेठेतला: लई ताणताय राव. 'वेस' म्हणा की! केंद्रकवेस. बारकी पोरं बिनधास्त आत-बाहेर, थोराला विचारपूस. आपल्या कोल्हापुरात गंगावेस, रंकाळावेस हायतच. 'प्रवेश' घासून 'वेस' झालाय, आमचं आजोबा सांगायचं.

जुनामास्तर: आजोबांकडं पुरावा मागितला होता का?

तळ्याकाठची: वेस झकास आहे. फक्त हिस्टोनं, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो ती प्रथिनं, बारकी असूनही वाहकाबरोबरच आत जातात, तेवढं सांभाळा.

उसाचारस: पण ते गंगावेस की गंगावेश? पाट्यांवर दोन्ही वाचलंय.

पेठेतला: वेसच. वेश म्हणजे कपडे.

उसाचारस: मग 'अब्रू वेशीवर टांगली' कसं?

जुनामास्तर: म्हैस, म्हशीला. वेस, वेशीला. पुढं ई आली की स चा श होतो. गंगावेश हा त्यावरून उलटा पाडलेला दिसतोय.

शाहूपुरीकर: मास्तर, रंध्रच लिहू मग?

पेठेतला: म्हशीचा विषय काढलाय तर मास्तर, सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. तिथंच धारोष्ण पीत भांडू.

जुनामास्तर: बघा, 'गंगावेशीत' म्हणालात. येतो.